पोट साफ होत नाही, डॉक्टर

'पोट साफ होत नाही, डॉक्टर.' दवाखाना गावातला असो की उपनगरातला, हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा त्यामागे कमी पाणी, बैठं काम किंवा लागोपाठची लग्नाची जेवणं असतात. इसबगोल लिहून दिलं की आठवड्यात तक्रार संपते. पण त्याच सुरात, त्याच शब्दांत एखादा रुग्ण असं काही सांगून जातो, ज्याला इसबगोल पुरत नाही. बाहेर बाकावर पंधरा माणसं ताटकळत असताना ते वेगळेपण डॉक्टरच्या कानाला जाणवतंच असं नाही.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातला स्टीफन सटन पंधरा वर्षांचा होता, तेव्हा त्याचं पोट दुखू लागलं. त्याच्या वडिलांना लिंच सिंड्रोम होता, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका घराण्यातच होता. तरीही सुमारे सहा महिने त्याचा आजार बद्धकोष्ठ म्हणूनच पाहिला गेला. 2010 च्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया, केमो, पुन्हा शस्त्रक्रिया असं चक्र सुरू झालं आणि पुढे हा आजार बरा होणारा नाही हे स्पष्ट झालं. 2013 मध्ये त्याने 46 इच्छांची यादी केली. किशोरवयीन कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या 'टीनेज कॅन्सर ट्रस्ट'साठी दहा हजार पौंड जमवायचे, ही त्यातली एक. 14 मे 2014 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर तीस लाख पौंडांहून अधिक निधी गोळा झाला होता. निदान लवकर झालं असतं तर परिस्थिती वेगळी असती, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं. निधीचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. या मासिकाच्या वाचकांनी निदानाआधीचे सहा महिने लक्षात ठेवावेत.

डेबोरा जेम्स यांची कहाणीही अशीच सुरू होते. वय 35, शाळेत उपमुख्याध्यापिका, दोन मुलांची आई, बरीच वर्षं शाकाहारी, धावण्याची आवड. आपल्याकडे 'यांना कसा होईल?' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यातल्याच त्या. शौचाच्या सवयी बदलल्या, रक्त पडू लागलं, वजन घटलं. तरीही संशयाची सुई बराच काळ 'इरिटेबल बॉवेल'पाशीच अडकून राहिली. 2016 च्या डिसेंबरमध्ये चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगाचं निदान झालं. गाठीत बीआरएएफ जनुकाचं उत्परिवर्तन होतं, म्हणजे रोगाचा अधिक आक्रमक प्रकार. अशा रुग्णांच्या हाती पहिल्या उपचारानंतर फारसं काही उरत नसे. 2019 मध्ये 'बीकन' चाचणीचे निष्कर्ष आले. एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब या जोडीवर आधारलेल्या उपचाराने या गटातही आयुष्य काही महिन्यांनी वाढतं, हे त्यातून दिसलं. जेम्स यांना या पद्धतीचे उपचार मिळाले आणि त्या निदानानंतर साडेपाच वर्षं जगल्या.

ही साडेपाच वर्षं त्यांनी एकच गोष्ट बोलण्यात घालवली. ती म्हणजे संडास. बीबीसीच्या पॉडकास्टवर, वर्तमानपत्रातल्या सदरात, प्रसंगी विष्ठेच्या आकाराचा पोशाख घालून नाचत त्या लोकांना सांगत राहिल्या: फ्लश करण्याआधी खाली बघा. 9 मे 2022 रोजी उपचार थांबवून घरी शेवटची शुश्रूषा सुरू झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि 'कॅन्सर रिसर्च यूके' या संस्थेच्या मदतीने 'बॉवेलबेब फंड' सुरू केला. उद्दिष्ट अडीच लाख पौंडांचं होतं. एका दिवसात दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. चारच दिवसांनी प्रिन्स विल्यम यांनी जेम्स यांच्या आईवडिलांच्या घरी येऊन त्यांना 'डेम' हा किताब दिला. 28 जूनला त्यांचं निधन झालं, तोवर फंडात साठ लाख पौंडांहून अधिक रक्कम होती.

पण डॉक्टरांसाठी महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. त्या वर्षी मे ते जुलै या तीन महिन्यांत इंग्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या संशयावरून तपासणीसाठी पाठवल्या गेलेल्या लोकांची संख्या एक लाख सत्तर हजारांवर गेली. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ती तीस हजारांनी जास्त होती. एका बाईने मोकळेपणाने बोलणं आणि तीस हजार माणसांनी डॉक्टरांपर्यंत पोहोचणं, यांतला संबंध शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही. तरी तो नाकारणंही अवघड आहे.

बोलण्याइतकंच लोकांपर्यंत पोहोचणारं दुसरं साधन म्हणजे शर्यत. कर्करोगासाठी धावण्याची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. 'रेस फॉर लाइफ' 1994 मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये 680 बायकांच्या सहभागाने सुरू झाली आणि 2019 पासून ती पुरुषांनाही खुली झाली. 2018 मध्ये तिथे आणखी एक चांगली गोष्ट सुरू झाली: 'फाइव्ह के युअर वे'. ल्युसी गॉसेज या कर्करोगतज्ज्ञ आणि स्वतः ट्रायथलॉनपटू. गेमा हिलियर-मोझेस या धावपटू, ज्यांना स्वतःला कर्करोग झाला होता. या दोघींनी नॉटिंगहॅममधून ही चळवळ उभी केली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रुग्ण, नातेवाईक आणि दवाखान्यातले कर्मचारी 'पार्करन' या धावेला जमतात. पाच किलोमीटर पळा, चाला किंवा कडेला उभे राहून टाळ्या वाजवा, काहीही चालतं. वेळेचं बंधन नाही. कुणी मध्येच बसलं तर कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत असतं.

मुंबईत मॅरेथॉन 2004 पासून होते आहे. 'इंडियन कॅन्सर सोसायटी'सारख्या संस्था तिच्या निमित्ताने निधी उभा करतात आणि सुमारे सहा किलोमीटरच्या 'ड्रीम रन'मध्ये टी-शर्टांवर तऱ्हेतऱ्हेचे संदेश दिसतात. स्तनाच्या कर्करोगाचा गुलाबी रंग आता सर्वांना ओळखता येतो. गुदाशयाच्या कर्करोगाला मात्र आपल्याकडे ना ओळखीचा रंग आहे, ना चेहरा. 'संडासला रक्त पडतं' हे वाक्य छापलेला टी-शर्ट घालून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कुणी निघेल, अशी कल्पनाही करवत नाही. ती करायला हवी, असं या मासिकाचं स्पष्ट मत आहे. निधीसाठीची शर्यत जर रोगाचं नाव घ्यायलाच लाजत असेल, तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो.

आणि लाज फक्त रुग्णांना नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या 800 रुग्णांचा एक आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात रुग्णांचं सरासरी वय 47 च्या आसपास निघालं, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरंच कमी. निम्म्याहून अधिक लोकांचं मुख्य लक्षण गुदमार्गे रक्तस्राव हेच होतं. आपल्याकडे या लक्षणाचं बारसं आधीच झालेलं असतं: मूळव्याध. रुग्ण हे नाव घेऊनच येतो. रस्त्यावरच्या भिंतीही त्याला तेच सांगत असतात, 'विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज'. डॉक्टरही मलम लिहून मोकळे होतात. भारतात गुदाशयाच्या गाठींचं प्रमाण मोठं आहे आणि त्यांतल्या बऱ्याचशा बोटाच्या टप्प्यात असतात. हातमोजा, थोडी जेली आणि दोन मिनिटं, एवढाच या तपासणीचा खर्च. तरी ती टळते. टेबल आडोशाला नसतं, रुग्ण बाई असते आणि मदतनीस हजर नसते, किंवा रुग्ण डॉक्टरच्या ओळखीतला, वडीलधारा असतो. ही कारणं खरी आहेत, त्यांची चेष्टा करण्याचं कारण नाही. पण एका पडद्याने आणि एका मदतनीस बाईने यांतली बरीचशी सुटतात. बोटाला मूळव्याधीचे कोंब लागले तरी त्याच्या वर गाठ नाही असं सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. रक्त थांबत नसेल, हिमोग्लोबिन उतरत असेल, शौचाची सवय महिनाभरात बदलली असेल, तर तिशीतल्या माणसालाही कोलोनोस्कोपीला पाठवायला हवं.

आता ज्यांचं निदान उशिराच झालं, त्यांच्याविषयी.

'शेवटची स्टेज' हा शब्द आपल्या बोलण्यातून जितका लवकर जाईल तितकं बरं. चौथा टप्पा म्हणजे रोग यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर पोहोचला आहे, एवढंच. यकृतातल्या मोजक्या गाठी काढून टाकता आल्या तर काही जण कायमचे बरे होतात. इतरांतही चित्र बदललं आहे. एकेकाळी असे रुग्ण साधारण वर्षभर जगत. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत निम्मे रुग्ण अडीच वर्षांच्या पुढे गेले आहेत. एवढ्या काळात माणसाला घर चालवायचं असतं, मुलीची दहावी बघायची असते, नोकरी टिकवायची असते. त्याला पाच किलोमीटर चालावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे शक्यच होत नाही, कारण फाइल मुलाकडे असते. 'त्यांना काही सांगू नका, डॉक्टर, खचतील' ही विनंती मायेपोटीच येते. पण छातीवर क्रमांक लावून 'मी यासाठी चालतोय' असं म्हणायला आधी आपल्याला काय झालंय हे माहीत असावं लागतं. बहुतेक रुग्णांना अंदाज आलेलाच असतो. फक्त बोलायला कुणी सापडत नाही. घरच्यांना शेजारी बसवून, रुग्णाला 'तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' असं विचारण्याचं काम कुटुंबाचा डॉक्टर जितकं नीट करू शकतो, तितकं टाटा मेमोरियलच्या गर्दीतल्या ओपीडीला जमणं कठीण आहे.

रुग्णाने चालायचं ठरवलं की पहिला प्रश्न डॉक्टरकडे येतो: 'चालेल का?' सवयीने उत्तर येतं: 'आराम करा.' 2025 मध्ये 'चॅलेंज' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा देशांतल्या 889 रुग्णांत, शस्त्रक्रिया आणि केमोनंतर तीन वर्षं आखीव व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी 90.3 टक्के जण हयात होते. केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात 83.2 टक्के. एखाद्या औषधाने हा फरक दाखवला असता तर त्याची किंमत लाखांत गेली असती. मात्र हे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातले होते. पसरलेल्या रोगात व्यायामाने आयुष्य वाढतं, असं म्हणायला आज पुरावा नाही आणि कुठल्याही रुग्णाला तसं आश्वासन देऊ नये. बाराशेहून अधिक पसरलेल्या रोगाच्या रुग्णांच्या एका निरीक्षणात अधिक हालचाल करणाऱ्यांना केमोचे तीव्र त्रास कमी झालेले दिसले. मुळात जे धडधाकट होते तेच जास्त हलत असतील, हीही शक्यता त्यात आहे. थकवा, झोप आणि मनाची उभारी यांसाठी मात्र आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्याचा फायदा पुरेसा सिद्ध झालेला आहे.

'चालेल' म्हणण्याआधी तपासायच्या गोष्टी मात्र नेमक्या आहेत. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेल्या रुग्णाचे तळवे बधिर असतात. त्याला खडा टोचलेला कळत नाही आणि जानेवारीच्या पहाटेचा गारवा त्याची मुंग्या येण्याची तक्रार वाढवतो. मोजे, हातमोजे आणि सपाट रस्ता हवा. कॅपेसिटाबिनवर असेल तर तळव्यांची कातडी बघा. फोड असतील तर त्या आठवड्यात पळणं बंद. बेव्हॅसिझुमॅबवर रक्तदाब मोजल्याशिवाय होकार देऊ नये. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्सचे अहवाल ताजे हवेत. हाडात रोग असेल तर कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावं. एकाच पायाला सूज आलेली असेल तर आधी डॉप्लर. ताप असेल तर तो दिवस शर्यतीचा नाही, रुग्णालयाचा आहे.

पोटावर पिशवी असलेल्यांविषयी थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न विचारायला रुग्ण सर्वांत जास्त कचरतात. पिशवी असली तरी पळता येतं. निघण्याआधी ती रिकामी करावी, जास्तीची एक जवळ ठेवावी, स्टोमाभोवती हर्निया होऊ नये म्हणून आधाराचा पट्टा बांधावा. लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं असेल, म्हणजे इलिओस्टोमी, तर नुसतं पाणी पीत राहणं पुरत नाही. मीठ निघून जातं, गरगरायला लागतं. त्याला ओआरएस द्यावं, घोट घोट आणि सुरुवातीपासून. मुंबईत 'ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया' आहे. पिशवीसह वर्षानुवर्षं जगणारी माणसं नव्या रुग्णाला जे सांगू शकतात, ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. पिशव्यांचा खर्च दर महिन्याचा असतो आणि तो कुणाच्याच लक्षात येत नाही. शर्यतीच्या निधीतून काही द्यायचं असेल, तर पिशव्या आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या रुग्णांचं प्रवासभाडं यांचा विचार आयोजकांनी आधी करावा.

राहता राहिला तारखेचा प्रश्न. फॉल्फॉक्स या केमोचं चक्र चौदा दिवसांचं असतं. केमोचा पंप निघाल्यावरचे तीन-चार दिवस रुग्ण सर्वांत गळलेला असतो, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे त्याला जरा तरतरी येते. शर्यतीचा रविवार नेमका वाईट दिवसांत येत असेल, तर केमो दोन-तीन दिवस पुढे-मागे होऊ शकते का, हे बहुतेक कर्करोगतज्ज्ञ विचारात घेतात. रुग्णाला हे विचारायचा धीर होत नाही. तो फोन डॉक्टरने करावा.