विश्लेषण : थंडीत डिझेल मोटारीची केबिन लवकर गरम कशी होते?

युरोपात तापमान शून्याखाली गेले, तरी अनेक डिझेल मोटारींत इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांतच ऊबदार हवा येऊ लागते. इंजिन मात्र तेव्हा थंडच असते. मग ही ऊब येते कुठून?

मुळात अडचण काय?

मोटारीचा नेहमीचा हीटर इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. गरम झालेले कूलंट डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा आत ढकलतो. डिझेल इंजिन इंधनाचा अधिक चांगला वापर करत असल्याने त्यात उष्णता कमी वाया जाते. मायलेज वाढवणारा हाच गुण थंडीत प्रवाशांच्या अंगाशी येतो. त्यातही गाडी जागेवर उभी असताना इंधन थोडे जळते आणि हवा भरपूर आत जाते. त्यामुळे कूलंट तापायला बराच वेळ लागतो.

पीटीसी हीटर म्हणजे काय?

त्यावरचा एक उपाय म्हणजे पीटीसी हीटर. हवेच्या मार्गात सिरॅमिकची विजेवर तापणारी पट्टी बसवलेली असते. ती तापत गेली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि वीजप्रवाह आपोआप कमी होतो. त्यामुळे ती प्रमाणाबाहेर तापत नाही. साधारण १ किलोवॉटचा, म्हणजे घरातल्या इस्त्रीइतका हीटर मोटारीच्या विद्युतप्रणालीतून ७० ते ८० अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा भार बॅटरीला फार वेळ पेलवत नाही, म्हणून तो सहसा इंजिन सुरू असतानाच चालतो. अल्टरनेटरवर भार आल्याने इंजिनही थोडे लवकर तापते. कूलंट पुरेसे गरम झाले की हीटर बंद होतो.

इंधनावर चालणारा हीटर वेगळा कसा?

जर्मनीतील वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या असे हीटर बनवतात. यात छोट्या बर्नरमध्ये टाकीतलेच डिझेल जाळून कूलंट तापवले जाते. ५ किलोवॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने चालल्यास तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल लागते. काही हीटर इंजिन बंद असतानाही टायमरवर सुरू करता येतात.

मग इंजिन नुसते सुरू ठेवले तर?

उभ्या गाडीत डिझेल इंजिन फारच सावकाश तापते. काच स्वच्छ करून हळूहळू गाडी चालवणे अधिक उपयोगी. जर्मनीत विनाकारण इंजिन सुरू ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे.

धोका कोणता?

इंजिन असो वा इंधनावरचा हीटर, दोन्हींतून धूर निघतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून बंद गॅरेजमध्ये दोन्ही चालवू नयेत. बर्फाने एक्झॉस्टचे तोंड बुजले, तर हा वायू केबिनमध्ये शिरू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकून २० हून अधिक जण दगावले. त्यांतील काहींच्या मृत्यूमागे हाच वायू असल्याचा संशय व्यक्त झाला होता.

हिमालयात जाणाऱ्यांनी काय पाहावे?

महाराष्ट्रातील थंडीत नेहमीचा हीटर पुरतो. हिवाळ्यात मनाली किंवा काश्मीरला स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी मात्र तिच्यात पूरक हीटर आहे का, हे मॅन्युअलमध्ये तपासावे. सुरुवातीला ब्लोअर कमी वेगावर ठेवावा. बर्फात अडकल्यास आधी एक्झॉस्टभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि एक काच किंचित उघडी ठेवावी.