न्याहारी एकट्या आईनेच करायची?

‘मुलांना सकाळी पौष्टिक न्याहारी द्या, उपाशीपोटी शाळेत पाठवू नका.’ आरोग्य शिबिरांत आपण हे हमखास सांगतो. सल्ला योग्यच आहे. रात्री सातला जेवलेल्या मुलाला दुपारी एकला शाळेतली खिचडी मिळाली, तर मधले अठरा तास ते उपाशी असतं. त्याचं लक्ष पाढ्यांत कसं लागणार? पण हा सल्ला आपण फक्त आईलाच का देतो, हा प्रश्न मला छळतो.

बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात, तोडणी दोघांची आणि कोपीवरचं पाणी, सरपण, चूल मात्र बाईची. पहाटे तीन-चारला फडाकडे निघणारी ही बाई न्याहारी करणार कधी? मग चूल येते दहा-बारा वर्षांच्या लेकीकडे. धाकट्यांना भाकरी घालता घालता तिची शाळा सुटते. नाहीतर पोरांच्या हातात कोरा चहा आणि बिस्किटं. गावी म्हाताऱ्या आजीजवळ राहिलेल्या कितीतरी मुलांची सकाळही अशीच जाते.

या बायकांना पौष्टिक म्हणजे काय ते शिकवायला नको. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, गूळ-शेंगदाणे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक आहेत. त्यांच्यापाशी वेळ आणि पैसा नाही.

म्हणून मला वाटतं, न्याहारी ही सार्वजनिक जबाबदारी झाली पाहिजे. १९९५ साली शालेय पोषण आहार योजना आली, तेव्हा आपल्याकडे मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळत. शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली द्यावा लागला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शाळकरी मुलांना हक्क दिला तो दुपारच्या एका जेवणाचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात न्याहारीची शिफारस आहे. तामिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत ती सुरूही केली. मग बीडमध्ये का नको?

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि हंगामी वसतिगृहांत सकाळची न्याहारी मिळावी. टोळ्या उतरतात त्या तळांवर अंगणवाडीचा आहार पोचावा. शाळेत रांधणाऱ्या बायकांना या वाढीव कामाचं पुरेसं वेतन मिळावं. नाहीतर एका बाईचं ओझं उतरवून दुसरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल. आणि घरात? कोयता चालवणाऱ्या हाताला भाकरी थापणं अवघड नाही, हे बापांनाही सांगू या.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. मैत्रिणींनो, टोळ्या गाव सोडण्याआधीच्या बैठकीत न्याहारीचा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.