‘टेन्शन घेऊ नको’ एवढ्याने टेन्शन जात नाही

सकाळी साइटवर टूलबॉक्स टॉक होतो. सेफ्टी ऑफिसर विचारतो, हेल्मेट आहे का, बूट आहेत का, बेल्ट लावला का, पाणी प्यायलात का. सगळे माना हलवतात. रात्री झोप झाली का, हे कोणी विचारत नाही. पगार वेळेवर आला का, घरी सगळं बरं आहे का, हे तर लांबच. आणि समजा विचारलंच, तर आपला माणूस काय सांगणार? “सब ठीक है, सर.”

हे ‘सब ठीक है’ आपल्याला फार महाग पडतंय, म्हणून आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

दुक्मच्या एखाद्या प्रोजेक्टवरचा शटरिंग कारपेंटर डोळ्यांसमोर आणा. मस्कत तिथून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आजूबाजूला वाळवंट आणि समुद्र. एका खोलीत आठ जण, त्यातले तिघे रात्रपाळीचे, म्हणजे दिवसा कोणी ना कोणी झोपलेलं आणि रात्री कोणी ना कोणी उठलेलं. गावाकडे एजंटासाठी काढलेलं कर्ज. दोन महिने पगार पुढे ढकललेला. फोरमन आईबहिणीवरून बोलल्याशिवाय काम सांगत नाही. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. घरून फोन आला की पहिला प्रश्न, “पैसे कधी पाठवतोयस?” हा एकच कुणी माणूस नाही. सोहारला, रुसैलला, सलालाला, रुवीच्या गल्लीत असे कितीतरी आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील, ही तर माझीच गोष्ट.

अशा माणसाची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना, तर खोलीतले काय म्हणतात? “मन कच्चं आहे याचं.” “सगळेच राहतात की, याला एकट्यालाच काय झालं?” आणि शेवटी, “टेन्शन घेऊ नको रे.” जणू टेन्शन त्याने दुकानातून विकत आणलंय आणि नको झालं तर परत करता येईल.

आमचं म्हणणं सरळ आहे. स्कॅफोल्डिंग कच्चं असेल आणि माणूस पडला, तर आपण पडणाऱ्याला दोष देत नाही, ज्याने बांधलं त्याला विचारतो. मग कामाची घडीच अशी बसवलेली असेल की माणसाचं डोकं फिरावं, तर तिथे दोष माणसाच्या मनाला कसा?

हे आम्ही आमच्या पदरचं सांगत नाही. कॅनडाने २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी आणि सुरक्षेसाठी एक राष्ट्रीय मानक काढलं. पाळायलाच हवं अशी सक्ती नव्हती, पण त्यातला विचार महत्त्वाचा होता. त्यांनी कामाच्या जागेचे १३ मुद्दे काढले. कामाचा बोजा झेपणारा आहे का? आपलं काम नेमकं कोणतं हे माणसाला स्पष्ट सांगितलंय का? वरचा माणूस आदराने बोलतो का? केलेल्या कामाची कदर होते का? काम आणि घर यांचा मेळ बसतो का? यंत्राची तपासणी होते तशी या गोष्टींची तपासणी करा आणि बिघाड दिसला तर दुरुस्त करा, असं ते मानक मालकाला सांगतं. पुढे २०२१ साली आयएसओ ४५००३ हे याच विषयावरचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. २०२२ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. जागतिक आरोग्य संघटना आणि कामगार संघटना यांचा अंदाज असा, की नैराश्य आणि चिंता यांच्यामुळे जगात दरवर्षी १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. म्हणजे मालकाने दयेपोटी नाही, तर निव्वळ हिशेब म्हणून पाहिलं तरी हे त्याच्या फायद्याचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडाची गोष्ट ओमानमध्ये काय कामाची? तो १३ मुद्द्यांचा कागद घेऊन कोणी कॅम्प बॉसकडे जाणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण डोक्यावरचा ताण ज्या गोष्टींतून येतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इथल्या कायद्यातही काही ना काही लिहिलेलं आहे. ते ठाऊक असलं की पायाखाली थोडी जमीन लागते.

ओमानचा नवा कामगार कायदा, शाही फर्मान ५३/२०२३, जुलै २०२३ पासून लागू आहे. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास काम धरलं आहे. त्यावरच्या कामाला ओव्हरटाइम द्यावा लागतो, दिवसा २५ टक्के आणि रात्री ५० टक्के जादा दराने. म्हणून रोजचे तास स्वतःच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हिशेब आपल्या हातात असला की रात्री तेच तेच डोक्यात घोळत राहणं कमी होतं.

आजारी रजा पूर्वी वर्षाला १० आठवडे होती, ती आता १८२ दिवसांपर्यंत गेली आहे. त्यातले पहिले २१ दिवस पूर्ण पगारी, पुढे पगार टप्प्याटप्प्याने कमी होतो. त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. मनाचा आजार हाही आजारच आहे. झोप न येणं, सतत घाबरं होणं, रडू येणं, काहीच नकोसं वाटणं, हे डॉक्टरला सांगा. “अंग दुखतंय” एवढंच सांगून पॅनाडॉल घेऊन परत येऊ नका. इथल्या दवाखान्यांत हिंदी समजणारे डॉक्टर आणि नर्स बऱ्याच ठिकाणी भेटतात. मानसिक आजारांसाठी मस्कतजवळ अल अमरात इथे अल मसर्रा हे सरकारी हॉस्पिटल आहे.

पासपोर्ट तुमचा आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तो ठेवून घेता येत नाही. यातली मेख ‘लेखी संमती’ या शब्दांत आहे. जॉइनिंगच्या दिवशी समोर आलेल्या अरबी-इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर आपण डोळे मिटून सह्या करतो, त्यातच तीही सही होऊन जाते. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि फोटो काढून ठेवा.

करार संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाची एनओसी लागायची. १ जानेवारी २०२१ पासून ती अट गेली. ‘इथून सुटकाच नाही’ असं वाटणं, हाच कित्येकांच्या मनावरचा सगळ्यात मोठा दगड असतो. करार कोणत्या तारखेला संपतो हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेवट दिसत असला की दिवस ढकलणं सोपं जातं.

आणि ऊन. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवायचं, हा नियम २००८ पासून आहे. पण उष्णता काही दुपारपुरती नसते. २६ जून २०१८ ला कुरियातमध्ये चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. एवढी गरम रात्र तोवर जगात कुठे नोंदली गेली नव्हती. अशा रात्री कॅम्पचा एसी बंद पडला, तर झोप कुठली? झोप नाही म्हणजे चिडचिड, आणि दुसऱ्या दिवशी उंचावर हात थरथरणार. त्यामुळे खोलीतला एसी ही चैन नाही, बेल्ट-हेल्मेटसारखीच सेफ्टीची वस्तू आहे. तो बंद पडला की सगळ्या खोलीने मिळून लेखी तक्रार द्यावी. एकट्याने दिली तर तो ‘तक्रारखोर’ ठरतो, आठ जणांच्या सह्या असल्या की ती तक्रार होते.

आता खरी अडचण. “डोक्याचा प्रॉब्लेम आहे असं कळलं तर कंपनी घरी पाठवेल,” ही भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. काही ठिकाणी असं वागतात. पण गप्प राहून आजार वाढला, तर नोकरी तरीही जाते आणि वर माणूसही जाण्याची वेळ येते. लवकर सांगितलेला आजार औषधाने आणि विश्रांतीने आटोक्यात येऊ शकतो. डॉक्टरचे कागद स्वतःजवळ ठेवा, सुपरवायझरला फक्त रजेचा कागद द्या. आजाराची सगळी कहाणी त्याला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही.

खोलीतल्या मित्रांना एक विनंती. जो हसायचा तो गप्प झाला, जेवणावरून उठायला लागला, वस्तू वाटून टाकायला लागला, “माझ्या मागे घरचं बघा” असं बोलायला लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, “जीव नकोसा झालाय का?” असं विचारल्याने त्याच्या मनात नवं काही शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जिवाला धोका दिसला तर ९९९९ वर फोन करा. “मर्द हो” म्हणू नका. बाटली पुढे करू नका, दारूने झोप लागल्यासारखी वाटते पण दुसरा दिवस आणखी काळा उगवतो.

घरच्यांनाही सांगायचं आहे. कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचे. मनीऑर्डर गेली, मोबाइल आला, पण सवय तीच राहिली. आठवड्यातून एक फोन असा करा ज्यात पैशाचा विषयच निघणार नाही. पोराने काय काढलं, पाऊस किती झाला, गणपतीला कोण कोण आलं, एवढंच बोला. घरच्या माणसाला स्वतःलाच ताण असह्य झाला, किंवा परदेशातल्या आपल्या माणसाशी कसं बोलावं हे उमगेना, तर भारतात १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जे अजून निघायचे आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. कर्ज जेवढं कमी, तेवढी इथे झोप जास्त.

घरकामाला आलेल्या आपल्या बहिणींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्यासाठी नियम वेगळे, खोली मालकाच्याच घरात, बोलायला शेजारी कोणी नाही. ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ साली ओमानमधल्या घरकामगार बायकांवर अहवाल काढला. त्यात मारहाण, उपासमार, न मिळालेला पगार आणि काढून घेतलेला पासपोर्ट हेच होतं. ओळखीत अशी कोणी असेल तर तिची चौकशी करत राहा.

शेवटी मागणी. मस्कतच्या भारतीय दूतावासात महिन्यातून एकदा ओपन हाउस होतं, तक्रारीसाठी मदद पोर्टल आहे, अडकलेल्यांसाठी समुदाय कल्याण निधी आहे. हे सगळं वापरा. पण त्या ओपन हाउसमध्ये पगार आणि पासपोर्टच्या टेबलाशेजारी मनाच्या आजारासाठीही एक टेबल असावं, आणि तिथे मराठी, तेलुगू, हिंदी बोलणारं कोणी तरी बसावं. केरळने परदेशातल्या आपल्या माणसांसाठी १९९६ साली नोर्का हे स्वतंत्र खातं उभं केलं. महाराष्ट्राने त्या तोडीचं काम करायला आता उशीर करू नये. आणि कंपन्यांनी फोरमनच्या शिवीगाळीची नोंद अपघाताच्या रजिस्टरात घ्यावी, कारण तीही इजाच आहे.

हे होईल तेव्हा होईल. आज ड्युटीवरून आल्यावर शेजारच्या बेडवरच्याला विचारा, “काय रे, झोप लागते का?” तो “सब ठीक है” म्हणाला, तर चहा ओता आणि पुन्हा एकदा विचारा.