मैदानावरील शिरोभिघात आणि भ्रमणध्वनीचा कौल

तालुक्याच्या गावी कबड्डीचा सामना ऐन रंगात आलेला असतो. पकड करताना दोन खेळाडूंची डोकी एकमेकांवर आदळतात. एक जण क्षणभर भांबावतो, डोके धरून बसतो. तोंडावर पाणी मारले जाते आणि टाळ्यांच्या गजरात तो पुन्हा मैदानात उतरतो. सायंकाळी डोके ठणकू लागले की तो ज्यांच्याकडे येतो ते बहुधा आपणच असतो, गावातील वैद्य किंवा औषधविक्रेते. अशा खेळाडूची तपासणी करण्यास साहाय्य करणारी भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप्स आता उपलब्ध आहेत. मराठीतही असे अ‍ॅप व्हावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्या अ‍ॅपने काय करावे आणि काय मुळीच करू नये, याचा विचार ते तयार होण्यापूर्वीच झाला पाहिजे.

ज्याला कंकशन म्हणतात ती डोके, मान किंवा अन्य अवयवाला बसलेल्या धक्क्याने मेंदू हादरून होणारी इजा होय. तीत शुद्ध हरपतेच असे नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. सीटी स्कॅनमध्येही सामान्यतः काही दिसत नाही. त्यामुळे लक्षणे, स्मृती, अवधान आणि तोल यांच्या परीक्षणावरच भिस्त ठेवावी लागते. या परीक्षणास शिस्त यावी म्हणून २००४ च्या प्राग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेतून ‘स्कॅट’ ही पद्धती पुढे आली. २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेनंतर, २०२३ मध्ये तिची ‘स्कॅट-६’ ही सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत २२ लक्षणांना प्रत्येकी शून्य ते सहा गुण दिले जातात; शब्द पाठ करवून काही वेळाने पुन्हा विचारले जातात; महिने उलट क्रमाने म्हणवून घेतले जातात; डोळे मिटून उभे करून तोल पाहिला जातो. यास किमान दहा ते पंधरा मिनिटे लागतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी निराळी आवृत्ती आहे.

वेळ मोजणे, गुणांची बेरीज करणे, शब्दयादी आलटूनपालटून देणे, आधीच्या नोंदीशी तुलना करणे ही कामे भ्रमणध्वनी उत्तम करील. धोका पुढे आहे. तपासणीअंती पडद्यावर हिरवी खूण उमटली की चषकासाठी आसुसलेला संघ तिलाच परवाना मानणार. वास्तविक स्कॅटचे गुण सामान्य आले तरी कंकशन असू शकते, असे ही पद्धती रचणाऱ्यांनीच बजावून ठेवले आहे. ऑगस्ट २०१९ मधील लॉर्ड्सचा कसोटी सामना वाचकांस आठवत असेल. मानेवर चेंडू आदळल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तेथील तपासण्यांत उत्तीर्ण झाला आणि पुन्हा फलंदाजीस उतरला. लक्षणे प्रकटली ती दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्याच्या जागी मार्नस लबुशेन खेळला. दिमतीला तज्ज्ञ डॉक्टर असतानाही जर असे घडते, तर आपल्या मैदानावर एका हिरव्या खुणेचे मोल ते काय? मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाला तर बरे होणे लांबते आणि क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, प्राणावरही बेतते. म्हणून ‘खेळण्यास योग्य’ हे शब्द या अ‍ॅपमध्ये असूच नयेत, असे आमचे ठाम मत आहे. ‘आज खेळ थांबवा’, ‘तातडीने रुग्णालयात न्या’ आणि ‘एकटे सोडू नका, लक्ष ठेवा’ एवढेच त्याने सांगावे.

दुसरा प्रश्न भाषेचा. इंग्रजी शब्दयादीचे नुसते भाषांतर चालणार नाही. शब्द सारख्याच लांबीचे व सारखेच परिचित हवेत, अन्यथा आपण स्मृती न मोजता भाषाज्ञान मोजू. महिने विचारताना जानेवारीपासून की चैत्रापासून, हेही आधी ठरवावे लागेल. त्याहून अवघड आहेत लक्षणे. आपला रुग्ण ‘चक्कर आली’ म्हणतो तेव्हा त्याला कधी गरगरणे, कधी डोळ्यांपुढे अंधारी, तर कधी नुसता अशक्तपणा सांगायचा असतो. हे भेद उकलण्याची सवय प्रश्नपरीक्षेत मुरलेल्या वैद्याला असते. या कामी संगणकतज्ज्ञांना आपल्या अनुभवाची खरी गरज आहे. मात्र अशी मराठी आवृत्ती निरोगी व जखमी अशा दोन्ही खेळाडूंवर पडताळल्याविना वापरात आणू नये.

शिर हे मर्म आहे, हे आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात शिरोभिघाताची लक्षणे सांगताना मन्यास्तंभ, दृष्टिविभ्रम, मोह, चेष्टानाश आणि वाणीतील दोष यांची गणना केली आहे. मान आखडणे, एकाचे दोन दिसणे, वाढता गोंधळ, हातापायांतील बळ जाणे या गोष्टी आजच्या धोक्याच्या यादीतही आहेत. तिच्यात वारंवार उलटी, आकडी आणि वाढती डोकेदुखी यांची भर घालावी. परंतु या साम्याचा अभिमान मिरवून उपचाराचा दावा करणे हा शास्त्राचा गौरव नव्हे. मर्म ओळखणाऱ्याने प्रथम मर्माचे रक्षण करावे.

येथे औषधालयांच्या मालकांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. अ‍ॅपने लक्षणे दाखवावीत आणि खाली मेध्य औषधाची जाहिरात झळकावी, ही कल्पना कोणाला तरी सुचल्यावाचून राहणार नाही. मेंदूच्या विकारांवरील उपचाराच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने प्रतिबंध आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. निदानासाठीचे सॉफ्टवेअर एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आले आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. आणि कायद्याच्याही आधी विवेक आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवणे म्हणजे धोक्याची खूणच पुसून टाकणे होय. त्यातही अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधाने रक्तस्रावाचे भय वाढते.

संघटनेने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. मराठी लक्षणशब्दांची सूची करून ती मेंदुविकारतज्ज्ञ व क्रीडावैद्यक जाणणाऱ्यांपुढे ठेवावी. अ‍ॅप येईपर्यंत धोक्याच्या लक्षणांचा एक तक्ता प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात लावावा. आणि स्थानिक मंडळांना पटवावे की डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. त्याच्या जागी बदली खेळाडू द्यावा. पुढे एक-दोन दिवसांची सापेक्ष विश्रांती, मग हलक्या हालचाली आणि वैद्यकीय अनुमतीनंतरच पूर्ण खेळ, हा क्रम आहे. यांतील शेवटच्या दोन गोष्टींसाठी भ्रमणध्वनीची वाट पाहण्याचे कारण नाही. सामन्यांचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या सहज होऊ शकतात.