घरच्या ब्रेडमध्ये ओवा जरूर घाला, पण मीठ कमी करून

घरी ब्रेड करता, मैद्याऐवजी कणीक वापरता, वर ओवा-जिरं पेरता. छानच! पण "डॉक्टर, ओव्याने बीपी उतरतं ना, गोळी बंद करू का?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: गोळी चालू ठेवा, आणि आधी सांगा, पिठात मीठ किती घातलंत?

अर्धा किलो पिठाला साधारण १० ग्रॅम मीठ घालतात. त्या ब्रेडचा पाव हिस्सा खाल्लात की अडीच ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आमटी, भाजी, लोणचं अजून बाकीच आहे!

माझ्या मते मसाल्यांचा खरा उपयोग इथे होतो. मीठ निम्मं करा. भाजलेलं जिरं, ओवा, तीळ, कोथिंबीर हात सैल सोडून घाला. ब्रेड अळणी लागणार नाही. कमी मिठात यीस्ट जोरात काम करतं, पीठ लवकर फुगतं, तेवढं लक्ष ठेवा. दालचिनीने मात्र यीस्ट मंदावतं, म्हणून ती पिठात न मळता वरून भुरभुरवा.

पिझ्झासोबत येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या यासाठी साठवू नका, त्यात बऱ्याचदा मीठ मिसळलेलं असतं. आणि हो, सैंधव हेही मीठच.