वीस मार्च कोणाचा सण?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, शिमग्याला आपण पालखी नाचवितो. पण २० मार्चला चवदार तळ्यावर हजारो लोक लोटतात, तेव्हा ‘तो त्यांचा सण’ म्हणून घरी बसतो. पोलादपूरकडच्या खेड्यात आम्ही मुले शिकवितो. तीही हेच घरून शिकून येतात. तर या सणाचे मूळ ऐका.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात मांडला तो रावबहादूर सी. के. बोले यांनी. ते भंडारी समाजाचे, आपल्याच ब्राह्मणेतर चळवळीतले! १९२४ साली महाड म्युनिसिपालिटीने तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती ते पाणी प्याले. तोच ‘वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी कंडी पिकली, पाहुण्यांना मारहाण झाली आणि तळ्यात शेण-गोमूत्र ओतून शुद्धी झाली! गुरे प्याली तर तळे बाटत नव्हते. माणूस प्याला की बाटले! हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

ज्या पाण्यासाठी आपलाच पुढारी कौन्सिलात उभा राहिला, त्याचा सण आपल्याला परका कसा? बंधूंनो, येत्या २० मार्चला पोराबाळांसह तळ्यावर चला. आम्ही आमची शाळकरी मुले घेऊन येतो.