शाळेच्या वर्गणीची वही पुन्हा उघडूया

देवबागात उभं राहिलं की एका हाताला दर्या आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. मधे वाळूची पट्टी, माडांची आणि आपल्या घरांची. या वाळूत शेती ती किती होणार? म्हणून आपले पुरुष मुंबईला गेले. आधी आगबोटीने, मग एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने. गिरणीत, गोदीत, छापखान्यात राबले. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची आणि घरची चूल पेटायची. हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच पैशांतून आपल्या किनाऱ्यावर शाळाही उभ्या राहिल्या, हे आपण विसरत चाललो आहोत.

परळ-लालबागच्या चाळीतली गावकीची खोली आठवा. एका खोलीत बारा-पंधरा जण, ट्रंकांची चळत, पाळीपाळीने झोपायचं. रविवारी त्याच खोलीत मंडळाची बैठक भरायची. विषय दोनच: देवळाचं काम आणि शाळेचं काम. ज्यांना स्वतःला चौथीपुढे शिकता आलं नाही, त्यांनी पगारातून वर्गणी काढली. मालवण तालुक्यातल्या शाळांच्या पाट्या जरा निरखून वाचा. आचऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची संस्था कुठली? ‘धी आचरा पीपल्स असोसिएशन, मुंबई’. शाळा गावात आणि संस्थेच्या नावात मुंबई! त्या एका शब्दात आपल्या चाकरमान्यांचा सगळा घाम आहे. खुद्द मालवणातलं टोपीवाला हायस्कूल अनंत शिवाजी देसाई यांच्या नावाने उभं आहे. याच मुलखातून मुंबईला जाऊन टोप्यांच्या धंद्यात त्यांनी नाव काढलं.

दूर चीनमध्येही असंच घडलं. फूजियान किनाऱ्यावरच्या जिमेई गावचे टान काह की सिंगापूरला गेले, रबराच्या धंद्यात श्रीमंत झाले आणि १९१३ साली त्यांनी गावात शाळा काढली. पुढे १९२१ मध्ये शामेन विद्यापीठ उभारलं. आज ते सगळं शाळांचं गाव लोक मुद्दाम पाहायला जातात. आपल्याकडे टोपीवाल्यांसारखे दाते थोडे. बहुतेक शाळा उभ्या राहिल्या हजार खिशांतल्या चिल्लरीवर. पुतळा कोणाचा उभारणार? म्हणून तर त्यांची आठवण ठेवणं जास्त अवघड आहे, आणि ते आपल्यालाच करावं लागणार.

मग १९८२ आलं. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत, मूळचे आपल्याच देवबागचे. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. संपाबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, आजही घराघरांत त्यावर वाद होतात. पण मनीऑर्डरी आटल्या, हे खरं. गावकीच्या खोल्या एकेक करून गेल्या. मंडळं नावापुरती उरली. शाळांच्या मागे उभा असलेला हात सैल झाला.

आता शाळेच्या भिंती आहेत, पोरं कमी आहेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ ला ती ८,४९,६५१ भरली. देशभर माणसं वाढत असताना आपला जिल्हा घटला! त्याचा पहिला फटका बसतो तो पहिलीच्या वर्गाला. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचा आकडा २०२३ मध्ये पुढे आला आणि त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा सुरू झाली. कागदावर ते सोपं दिसतं. पण आषाढात दर्या गर्जत असताना, आडवा पाऊस झोडपत असताना, सहा वर्षांच्या पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत धाडून बघा.

आणि शाळा गेली की फक्त शाळा जात नाही. ‘झिलाचा शिक्षान व्हया’ म्हणत तरुण जोडपं मालवणला किंवा कुडाळला खोली घेतं. मागे म्हातारी आणि कुलूप. मतदान शाळेत, लसीकरण शाळेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपला. अशा रात्री कौलं उडाली की आपण आधी कुठल्या पक्क्या खोल्यांकडे बघतो?

मला आशा वाटते, ती उगीच नाही. आपलं गाव आज पूर्वीसारखं रिकामं नाही. तारकर्ली-देवबागात पर्यटक येतात. न्याहारी-निवास चालतो, होड्या फिरतात, स्कूबा चालतं. गेलेली काही मुलं या धंद्यासाठी परत आली आहेत. त्यांच्याबरोबर दुसरीही माणसं आली आहेत: होड्यांवरचे परप्रांतीय खलाशी, हॉटेलातले कामगार, आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं. त्यांची मुलं कुठे शिकतात, हे आपण कधी विचारलं? आपले आजोबा परमुलखात पोट भरायला गेले, म्हणून ही शाळा झाली. आज आपल्या मुलखात पोट भरायला आलेल्यांची मुलं त्याच बाकांवर बसली, तर वर्गणी देणाऱ्यांना आनंदच होईल. शिक्षण हक्क कायदा त्यांच्या बाजूने आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जूनच्या आधी आपण त्यांच्या खोल्यांवर जाऊया. नेपाळीत किंवा कन्नडमध्ये चार शब्द सांगणारा कोणीतरी आपल्यात नक्की सापडेल.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण भाग पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. ही समिती सहीपुरती राहू देऊ नका. बायांनो, तुम्ही बचतगट चालवता, मासळीचा हिशोब तोंडपाठ ठेवता. शाळेचा हिशोबही मागा. न्याहारी-निवासवाल्यांनो, हंगामातल्या एका दिवसाची कमाई शाळेच्या डब्यात टाका. आलेल्या पाहुण्यांना शाळा दाखवा. इतिहास सांगा, म्हणजे त्यांनाही कळेल की या वाळूवर माणसांनी आणखी काय उभारलं.

एक काम मात्र आजच व्हायला हवं, कारण ते उद्या होणार नाही. मंडळांच्या जुन्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, शाळांची जुनी दाखल रजिस्टरं, पायाभरणीचे फोटो. वाळवी आणि खारी हवा थांबून राहत नाहीत. जुन्या शाळेची डागडुजी करताना देणगीदारांची नावं कोरलेली फरशी रंगाखाली गेली, तर पुन्हा वाचता येणार नाही. मोबाइलने एकेक पान टिपा. ज्या म्हाताऱ्यांनी चाळीतल्या बैठका पाहिल्या आहेत, त्यांना बोलतं करा आणि त्यांचा आवाज जपा.

मुंबई-ठाण्याच्या गाववाल्यांनो, चतुर्थीला तुम्ही येणारच. गाडीचं तिकीट मिळो न मिळो, आपण येतोच! यंदा निघताना माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडा. जे कागद सापडतील ते पिशवीत घाला. गौरी येण्याआधीच्या एका संध्याकाळी, आरती झाली की, आपण सगळे शाळेच्या पडवीत बसू. नव्या वर्गणीची वही घेऊन गावातले आम्ही तिथे असू.